बरोबरीचे पेढे

माणिकराव आणि सुधाकरराव हे वांकिडीचे सख्खे भाऊ. वाटणीपासून बोलणं बंद. आदिलाबाद जिल्ह्याच्या बुद्धिबळ निवडीत दोघांच्या पोरी समोरासमोर आल्या. डाव बरोबरीत सुटला आणि राज्यस्पर्धेची एकुलती एक जागा निर्मल गावची तिसरीच पोरगी घेऊन गेली.

माणिकराव पेढे घेऊन घरी आले.

"जिंकली का आपली पोरगी?" विमलबाईंनी विचारलं.

"नाही."

"मंग पेढे कायचे?"

"त्याची तरी कुठं जिंकली!"

पेढे सुधाकररावांच्याही घरी आले होते.

पुढे दसऱ्याला जिल्ह्याचे चार तुकडे झाले आणि निर्मल वेगळं निघालं. वांकिडीच्या नव्या जिल्ह्याच्या निवडीला या दोघीच आल्या. डाव पुन्हा बरोबरीत सुटला.

पंच खुशीत म्हणाले, "अभिनंदन! यंदा जागा दोन आहेत, दोघींनाही पाठवतो."

त्या दिवशी दोन्ही घरी चूल पेटली नाही.