अंकुशचा जबाब

साताऱ्यातल्या दुकानांच्या काचा पुसायचं काम वर्षानुवर्षं पोपट एकटाच करायचा. मग सांगलीहून अंकुश आला आणि कमी दरात तेच काम करू लागला. एकेक गिऱ्हाईक त्याच्याकडे वळलं. शेवटी मोठ्या कापड दुकानाचं कामही त्यानं नेलं, तेव्हा पोपटचं डोकं फिरलं. भल्या सकाळी रस्त्यावर कुणी नसताना त्यानं अंकुशला शिडीवरून खाली ओढलं आणि लोखंडी पाइपनं त्याचे दोन्ही पाय मोडले.

दवाखान्यात हवालदार जबाब घ्यायला आले. अंकुश म्हणाला, “कुणी मारलं न्हाई, साहेब. शिडी सरकली आन् मी पडलो.”

हा जबाब कानावर आल्यापासून पोपटच्या घशाखाली घास उतरेना. शहाळं घेऊन तो दवाखान्यात गेला आणि अंकुशच्या खाटेपाशी मान खाली घालून उभा राहिला.

“लय वाईट वागलो रं मी. तरी तू माझं नाव का न्हाई घेतलंस?”

अंकुशनं शहाळं हातात घेतलं आणि बाजूला ठेवून दिलं. मग हळू आवाजात म्हणाला,


“तू जेलात गेलास, तर माझं पाय बरं झाल्यावर मला घावणार कसा?”