दोघांचं पाणी

विल्टन एन्कलाडने मीटरच्या खड्ड्याशी गुडघे टेकले आणि घराच्या मुख्य कॉकवर पाना चढवला. कॉक हलेना. खांदे बाहत्तर वर्षांचे, आणि सकाळपासून त्यांनी गल्लीतल्या एकेका घराचं पाणी बंद केलं होतं. निघताना लोक नेहमीसारखे किल्ल्या त्याच्या हातावर ठेवून गेले. प्लंबर म्हातारा झाला तरी गल्लीला तो प्लंबरच. आता गल्ली रिकामी होती. नदीच्या बांधावर कुणाची तरी गाय उभी होती, आणि राहिलेलं एकच घर त्याचं स्वतःचं होतं. तिसऱ्या हिसक्याला कॉक फिरला.

चक्रीवादळ पहाटे किनाऱ्यावर येणार होतं. गावाबाहेरच्या रस्त्यावरचा पूरदरवाजा पाचला बंद होणार होता, मग कुणालाच बाहेर पडता येणार नव्हतं. साडेतीन होऊन गेले होते.

अर्लीन, त्याची बायको, गाडीत बसून होती. इंजिन चालू होतं. त्याने तिला सांगितलं होतं की तू पुढे हो, मी अर्ध्या तासात ट्रक घेऊन मागोमाग निघतो, सकाळची कॉफी मुलीकडे श्रीव्हपोर्टलाच घेऊ. ती बरं म्हणाली होती. पण गाडी काही हलली नव्हती. आता तर ती खाली उतरली. लांबची वाट आहे, एकदा जाऊन येते, म्हणाली. त्याने घाईघाईने सांगितलं की दोन्ही संडास बंद करून टाकलेत, वाटेत चर्चपाशी थांब.

"बावन्न वर्षं प्लंबरच्या घरात काढली," अर्लीन म्हणाली, "आणि आता लघवीला पाद्रीबुवांच्या दारात जाऊ?"

आत सगळं जिथल्या तिथे होतं. गीझर बंद. नळ उघडे टाकून नळ्या निथळवलेल्या. पूर चढला की गटार घरात उलटतं, म्हणून पुढच्या संडासाच्या भांड्यात वाळूची पिशवी कोंबलेली, मोरीच्या तोंडाला रबरी बूच आवळलेलं. ती मागच्या न्हाणीघरात गेली. तिथलं भांडं तसंच उघडं होतं. टब काठोकाठ भरलेला होता. शेजारी बादली ठेवली होती, पाणी ओतायची.

त्या गावात हे शेंबड्या पोरालाही कळतं. जो जातो तो घरातलं पाणी काढून टाकतो. टब भरतो तो राहणारा.

ती टबाच्या काठावर बसली. गेल्या रविवारी रेव्हरंड बोलता बोलता सुरात शिरले होते. थकलेल्या माणसाला देव हाक मारतो, पण ती घरातून नाही, पुढच्या वाटेवरून, एवढं एकच वाक्य त्यांनी किती वेळा वर चढवलं, खाली आणलं, पुन्हा वर नेलं. सगळं चर्च उभं राहून हुंकार देत होतं. चाळीस वर्षं पहिला हुंकार विल्टनचा असे. त्या दिवशी तो बाकावर बसून होता, दोन्ही हात गुडघ्यांत धरून.

विल्टन दारात येऊन उभा राहिला. हातात पाना तसाच. तिच्याकडे न बघता त्याने सांगितलं की जायचा कंटाळा नाही, परत यायचा आहे. चार वेळा परत आलो. चार वेळा चिखल उपसला, भिंती फोडल्या, नळ नव्याने टाकले, आपले टाकले आणि लोकांचेही टाकले. पाचव्यांदा हे हात चालायचे नाहीत. त्यापेक्षा इथेच बसतो, देवाला काय करायचं ते करू दे.

अर्लीनने सगळं ऐकून घेतलं.

"किती दिवसांचं पाणी आहे हे?"

"सहा."

"एकट्याला?"

"एकट्याला."

"म्हणजे दोघांना तीन," ती म्हणाली, आणि वाकून बुटांचे बंद सोडू लागली.

मग तो बराच बोलला. पोरगी वाट बघत असेल, तुझं ब्लडप्रेशर, वेडेपणा करू नकोस, ऊठ. तिने एक बूट काढला. दुसराही काढला. तिचं म्हणणं एवढंच होतं की बावन्न वर्षं प्रवचन त्याच्या शेजारी बसून ऐकलं, आता एकटीने ऐकायचं तिला जमायचं नाही.

वाऱ्याने मागचं फाटक आपटलं. चार वाजून गेले होते. विल्टनने पाना खाली ठेवला, बाही वर सारली, पुन्हा गुडघे टेकले आणि खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. तळाच्या बुचाचा नट सैल झाला. पाणी जायला वेळ लागला. दोघं ते जाताना बघत राहिली. मग त्याने बूच पुन्हा आवळलं, मागच्या भांड्यातही पिशवी कोंबली.

"तुझ्यापेक्षा गंजलेला कॉक परवडला," तो पुटपुटला.

आता धुण्याच्या यंत्राच्या नळ्या तेवढ्या राहिल्या. स्वतः राहायचं म्हणून त्याने त्यांना हातच लावला नव्हता. ते असू दे, उशीर होतोय, असं म्हणत अर्लीन बूट हातात घेऊनच गाडीकडे निघाली. पण अर्धं काम टाकून जायची त्याला सवय नव्हती. आत काही कपडे राहिलेत का ते बघायला त्याने झाकण उचललं.

यंत्रात गच्च बर्फ होता. वीज गेल्यावर खाणं टिकावं म्हणून मागे राहणारे लोक भरतात, तसाच. बर्फात जेवणाचे डबे रोवून ठेवले होते. प्रत्येक डब्यावर अर्लीनच्या अक्षरात वार लिहिला होता, सोमवारपासून रविवारपर्यंत, आणि प्रत्येक वाराचे डबे दोन होते.