मध्येच आमेन

"प्रभू, लेकराला तालुक्याला न्यावं की थांबावं, आम्हाला बुद्धी दे," पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली आणि चर्चमधल्या सगळ्यांनी डोळे मिटले. शलोमीच्या मांडीवर तिचं वर्षाचं बाळ तापानं फणफणलं होतं. न्यावं, तर घाटात दरडी कोसळत होत्या, थांबावं, तर... पुढचा विचारच तिला करवेना.

प्रार्थना लांबत चालली. बाळ श्वासासाठी धडपडलं, तशी शलोमीनं जन्मात पहिल्यांदा प्रार्थनेत डोळे उघडले.

समोर पाळकसाहेबांचेही डोळे उघडे होते. तोंडानं शब्द चालू होते, पण नजर बाळाच्या निळसर पडलेल्या ओठांवर खिळली होती. तेही तिच्याइतकेच घाबरले होते.

"आमेन!" त्यांच्या वाक्याच्या मध्येच प्रार्थना संपवत ती ओरडली आणि बाळाला उचलून उठली.

सगळे दचकले. पाळकसाहेबांनी मात्र झग्याच्या खिशातून जीपची किल्ली काढली.

"चल पोरी," ते म्हणाले, "मी मागत होतो, ते तुला मिळालं."