मूठभर मीठ
बाबा गेल्याच्या दहाव्या दिवशी, बातमी कळल्यावर, सुखरामजी नावाचे एक अनोळखी गृहस्थ नाकाडोंगरीहून एसटीने कोंढ्याला आले. सुतकामुळे आमच्या घरी तोवर मिठाशिवायच शिजत होतं. एकाहत्तरच्या लढाईत बाबा सीमेपासून दूर, लष्करी इस्पितळात स्वयंपाकी होते. गाव त्यांना ‘भात्या फौजी’ म्हणे, आणि झेंडावंदनाला माजी सैनिकांच्या रांगेत ते कधी बसले नाहीत. “मी काय केलो? भातच त रांधलो,” म्हणायचे. मलाही ते खरं वाटे. सुखरामजींनी सदऱ्यावरून पोटावर हात ठेवला. “गोळी इथं लागली होती. डॉक्टरनं पेजेशिवाय सगळं बंद केलं. तुह्या बापानं मले अकरा दिवस चमच्यानं पेज पाजली, पोरी. पर मीठ मूठभर टाके.” “घरी बी तसंच,” आई म्हणाली. दहा दिवसांत ती पहिल्यांदा हसली. सुखरामजी सांगत होते, “मी म्हटलो, भाऊ, गोळीनं नाही मेलो त तू मिठानं मारतं का? त म्हणे, खारट लागून राहिलं न? म्हंजे जित्ता आहेस. गुमान पी.” दुपारी सुतक फिटलं. मी तांदळाची पेज शिजवली, बाबांसारखंच न मोजता मीठ टाकलं आणि पहिली वाटी सुखरामजींपुढे ठेवली. घोट घेताच त्यांनी तोंड वाकडं केलं. “हेच,” म्हणाले, आणि वाटी रिकामी करून पुन्हा पुढे केली. ती भरून दिली. मग मीही एक वाटी घेतली. खारट लागली.