चुकवू नये असा रविवार

आई पहाटे गेली. ऊन अंगावर आलं तेव्हा मुलगी गोल्फच्या मैदानावर वकीलबाईंची बॅग खांद्यावर घेऊन उभी होती. “इथलं मी बघते, तू जा,” मावशी हॉस्पिटलच्या जिन्यात म्हणाली होती. “तुझ्या शिक्षणासाठीच तिने जीव आटवला ना?”

मुलगी कॅडी होती. कॅडीने खेळणाऱ्याची बॅग वाहायची, चेंडूवर नजर ठेवायची आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. क्लब दरवर्षी एका कॅडीच्या कॉलेजचा सगळा खर्च उचलत असे. या वर्षी वकीलबाईंनी हिचं नाव लावून धरलं होतं. म्हणून शिष्यवृत्ती समितीचे अध्यक्ष आज त्यांच्यासोबत खेळायला आले होते. खेळ आपला नावाला, त्यांना मुलगी कशी आहे ते पाहायचं होतं.

अध्यक्षांचा चेंडू झाडीत गेला. तो बहुतेक तिकडेच जायचा, आणि अध्यक्षांना दर वेळी नव्याने नवल वाटायचं. मुलीने गवतात शिरून तो लगेच दाखवला.

“नजर तिखट आहे हं पोरीची!”

“मी सांगत नव्हते?” वकीलबाई खुलल्या. “गणितही पक्कं आहे. बोलायला तेवढी लाजते. अगं, सांग ना सरांना, पुढे काय व्हायचंय तुला.”

“नर्स.”

“डॉक्टर का नाही?” अध्यक्षांनी विचारलं.

“रात्रभर जवळ नर्सच असते, सर.”

उत्तर अध्यक्षांना आवडलं. त्यांनी वकीलबाईंकडे पाहून मान डोलावली, आणि ते मुलीला दिसलंही. एरवी ती हरखून गेली असती. आज तिला काहीच वाटलं नाही. पहाटेपासून तिला कशाचंच काही वाटत नव्हतं, आणि आपल्याला हे काय झालंय, याची तिला जराशी भीती वाटत होती.

पुढच्या होलपाशी वकीलबाई पटर, म्हणजे चेंडू हलकेच ढकलायची स्टिक, घेऊन चेंडूवर वाकल्या. मुलीने बॅग कडेला ठेवली, लांबून होल दिसावं म्हणून त्यात रोवलेला झेंडा उपसला आणि चेंडूच्या वाटेत सावली पडणार नाही अशी बाजूला उभी राहिली. वाकल्या वाकल्याच बाईंना आठवलं.

“अगं, आई कशी आहे आता?”

मुलगी गप्प राहिली. समोरचा माणूस नेम धरून उभा असताना कॅडीने हलायचंसुद्धा नाही, बोलणं तर लांबच. हे तिला बाईंनीच शिकवलं होतं. बाईंनी चेंडू हलकेच ढकलला. तो सरळ जाऊन होलात पडला, आणि अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या.

“आई गेली,” मुलगी म्हणाली. “आज पहाटे.”

टाळ्या थांबल्या. बाई झटकन सरळ झाल्या.

“आणि तू बॅग उचलतेयस? मला एक फोन नाही करायचास?”

“तुम्ही म्हणाला होतात, काहीही झालं तरी हा रविवार चुकवू नकोस.”

बाईंचा चेहरा पडला. अध्यक्षांनी घसा साफ केला. “कमाल आहे पोरीची,” ते म्हणाले. “अशा दिवशीसुद्धा कामावर! माझ्याकडून शिष्यवृत्ती नक्की समजा हिची.”

मुलीने ते ऐकलं. दुसऱ्याच कुणाला तरी काहीतरी मिळाल्यासारखं तिला वाटलं. “थँक यू, सर,” ती म्हणाली, कारण असं म्हणायचं असतं.

वकीलबाईंनी पटर टाकला आणि पुढे येऊन तिला घट्ट जवळ घेतलं. त्यांचे स्वतःचे डोळे वाहत होते. “रड गं बाळा,” त्या म्हणाल्या. “रडून घे.”

मुलगी त्यांच्या खांद्यावरून मागे पाहत होती. पलीकडे दुसरे खेळणारे हातात स्टिक घेऊन उभे होते. ही मंडळी बाजूला झाल्याशिवाय त्यांना फटका मारता येत नव्हता.

“बाई, मागचे लोक खोळंबलेत,” ती हळूच म्हणाली. “आधी झेंडा लावू द्या मला.”