टोकदार पाच

लोहोकरे मास्तरांनी भिंग डोळ्याला लावलं. तांब्याच्या एका सेंटच्या नाण्यावर राणीच्या चित्राभोवती कडेनं असलेले मणी मोठे होते आणि मागच्या बाजूला सालातल्या पाचाचं टोक अणकुचीदार होतं. कॅनडाचे पासष्ट सालचे सेंट चार तऱ्हांच्या साच्यांतून पडले. त्यातली ही सर्वांत दुर्मीळ तऱ्हा त्यांचा मुलगा पुष्कर त्यांच्यासाठी टोरांटोत सहा वर्षं धुंडाळत होता.

"मिळालं गं त्याला!" मास्तर बायकोला म्हणाले.

बर्फावरून गाडी घसरून पुष्कर गेला, त्याला महिना झाला होता. सुनेनं त्याच्या टेबलावरची नाण्यांची डबी तेवढी पाठवली होती.

शकुंतलाबाईंनी हात पुढे केला. "द्या बघू. त्याचा हात लागलाय त्याला."

"कडेनं धर," मास्तर सवयीनं म्हणाले आणि थबकले. पुष्करनं पाठवलेल्या पहिल्याच नाण्यावर त्याच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. तांब्यात मुरलेला घामाचा डाग काही केल्या जात नाही. "वाया घालवलंस!" म्हणून ते फोनवर खेकसले होते आणि नाणं भंगारात फेकून मोकळे झाले होते.

त्यांनी डबी पलंगावर उपडी केली. एकेक नाणं भिंगाखाली धरू लागले. साल बघेनात, मणी बघेनात.

"आता काय शोधताय?"

"त्याचा अंगठा."

शेवटचं नाणं खाली ठेवून मास्तरांनी भिंग मिटलं.

"एकावरही नाही गं. ऐकलं त्यानं माझं."