दोन रकाने

रक्ताचं नातं मरेपर्यंत साथ सोडत नाही. अण्णांना अल्झायमर झाल्याचं सांगून डॉक्टरांनी म्हणूनच माझ्यासाठी वेगळा फॉर्म काढला. "वडिलांना आहे, म्हणजे तुम्हालाही धोका."

"त्याला कसला धोका?" अण्णा म्हणाले. "तो तर दत्तक आहे."

पन्नाशीत बाप गमावला, की आजारातून सुटलो, ते कळेना. मी तिथूनच आत्याला फोन लावला.

"विसराळू अण्णानं हे बरं लक्षात ठेवलं! अरे, त्याला मूल नव्हतं, म्हणून धाकट्या भावानं, बापूनं तुला दिलं. घरातल्या घरात."

म्हणजे रक्त तेच. डॉक्टरांनी पहिल्या रकान्यात खूण केली आणि विचारलं, "घरात कुणाला नैराश्य?"

बापूकाका, म्हणजे आता माझे वडील, वीस वर्षं त्याच्याच गोळ्या घेत होते. दुसऱ्या रकान्यातही खूण झाली.